लूपच्या रोलर कोस्टरवर पहिल्यांदा बसताना

लूपच्या कोस्टरखाली पहिल्यांदा उभा राहिलेला माणूस एकाच जागेकडे टक लावून बघत असतो: जिथे गाडी उलटी होते तिथे. माझ्या शेजारी बसून पहिली फेरी मारणाऱ्या जवळपास प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला आहे, "उलटे झाल्यावर पडणार तर नाही ना?" नाही पडणार, आणि का पडणार नाही ते पुढे सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट मनावर ठसवून घ्या. जुन्या पोलादी कोस्टरवर लूप हा सगळ्यांत सभ्य भाग असतो. हिसके बसतात ते लूपच्या आधी आणि नंतर, एका वळणातून दुसऱ्यात शिरताना, आणि ते बसतात मानेला. नवखा माणूस लूपला घाबरतो, मानेकडे दुर्लक्ष करतो आणि मग दोन दिवस मान धरून फिरतो. म्हणून या लेखात लूपपेक्षा मानेबद्दल जास्त लिहिले आहे.

आधी गाडीची जात ओळखा

पोलादी नळीच्या रुळांवर धावणारा पहिला कोस्टर म्हणजे कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडचा मॅटरहॉर्न, १९५९ सालचा. तो उलटा होत नाही. पण नळी हवी तशी वाकवता येते हे त्याने दाखवून दिले आणि लाकडी कोस्टरला न जमणारे आकार शक्य झाले. मॅटरहॉर्न बांधणाऱ्या अ‍ॅरो डेव्हलपमेंटनेच १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच नॉट्स बेरी फार्ममध्ये कॉर्कस्क्रू उभा केला. प्रवाशांना उलटे करणारा हा पहिला आधुनिक कोस्टर. उंची जेमतेम २१ मीटर, आणि मळसूत्रासारखी दोन वेटोळी. तो १९९० पासून आयडाहो राज्यातल्या सिल्व्हरवुड पार्कमध्ये आहे.

पुढच्याच वर्षी, मे १९७६ मध्ये, मॅजिक माउंटन पार्कमध्ये रेव्होल्यूशन सुरू झाला. हा पहिला आधुनिक उभा लूप. बांधला जर्मनीच्या आंटोन श्वार्त्सकोफ यांनी, आणि रुळाचा हिशेब केला वेर्नर श्टेंगल या अभियंत्याने. १९७८ मध्ये व्हर्जिनियातल्या बुश गार्डन्समध्ये लॉख नेस मॉन्स्टर आला. त्याचे दोन लूप साखळीच्या कड्यांसारखे एकमेकांत गुंफलेले आहेत.

हा इतिहास नवख्याच्या कामाचा आहे, कारण समोरचा कोस्टर कोणत्या घराण्यातला आहे ते कळले की कुठे काय होणार याचा अंदाज येतो. श्वार्त्सकोफ यांच्या कोस्टरवर लूपमध्ये दाब जबरदस्त असतो, पण वळणे वाहती असतात. त्यामुळे अंग आवळले जाते, आपटले मात्र जात नाही. अ‍ॅरोच्या जुन्या कोस्टरवर दाब सोसण्यासारखा असतो, पण एक वळण संपून दुसरे सुरू होते ते झटक्यात, आणि डोके हार्नेसच्या, म्हणजे खांद्यांवरून खाली येऊन प्रवाशाला आसनात धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या, एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जाते. तिसरे घराणे नेदरलँड्सच्या व्हेकोमा कंपनीच्या बूमरँगचे, १९८४ पासूनचे. रूळ दोन टोकांना उभा चढतो. गाडी पुढे जाताना ३ वेळा उलटी होते आणि त्याच रुळावरून मागे येताना आणखी ३ वेळा. मळमळ होण्याची शक्यता याच्यावर जास्त, कारण मागे जाताना पुढचे वळण डोळ्यांना दिसत नाही आणि शरीर बेसावध सापडते.

निवड तुमच्या हातात असेल, तर पहिल्यांदा एकच लूप असलेला, एकाच दिशेने धावणारा कोस्टर घ्या. कॉर्कस्क्रू दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. बूमरँग त्याच्याही नंतर.

लूप गोल का नसतो

लूप बाजूने नीट निरखा. तो वर्तुळासारखा दिसतो, पण नसतो. त्याचा आकार उलट्या धरलेल्या पाण्याच्या थेंबासारखा असतो: खालचे वळण मोठे, वरचे लहान. हा आकार अपघाताने नव्हे, दुखऱ्या मानांमुळे आला.

१८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर फ्लिप फ्लॅप नावाचा लूपचा कोस्टर होता. त्याचा लूप पूर्ण गोल होता. सपाट रुळावरून गाडी एकदम गोलात शिरायची आणि क्षणार्धात माणसाच्या वजनाच्या कित्येक पट दाब मानेवर यायचा. त्याचे गणित सोपे आहे. गोल लूपच्या माथ्यावरून गाडी कशीबशी पार होईल एवढाच वेग दिला, तरी खाली शिरताना प्रवाशाला स्वतःच्या वजनाच्या ६ पट दाब सोसावा लागतो. लूप लहान असो की मोठा, हा आकडा बदलत नाही. १९०१ मध्ये तिथेच एडविन प्रेस्कॉट यांनी लंबगोल लूप करून पाहिला. तो बराच सुसह्य होता, तरी धंदा म्हणून टिकला नाही.

श्टेंगल यांनी लूपसाठी क्लोथॉइड नावाची वक्ररेषा घेतली. रेल्वेच्या आणि महामार्गाच्या वळणांवर हीच रेषा वापरतात. तिचे वळण हळूहळू घट्ट होत जाते. खाली वेग प्रचंड असतो, म्हणून तिथे वळण सैल ठेवायचे. वर वेग मंदावतो, म्हणून तिथे ते घट्ट करायचे. त्यामुळे दाब हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो, आणि माथ्यावरही गाडी तुम्हाला आसनात दाबून धरते. पाण्याची बादली हाताने उभी गरगर फिरवली की पाणी सांडत नाही, तेच इथे होते. रेव्होल्यूशन सुरू झाला तेव्हा त्याच्या गाडीत खांद्यावरचे हार्नेस नव्हते, मांडीवर नुसता एक दांडा होता. पुढे हार्नेस बसवले गेले आणि २०१६ मध्ये तो कोस्टर पुन्हा मांडीवरच्या दांड्यावर आला. माणसे उलटी होतच होती, आसनातच राहत होती.

राहता राहिली गाडी. तिला तीन प्रकारची चाके असतात: रुळावर चालणारी, रुळाला बाजूने धरणारी आणि रुळाच्या खालून अडकलेली. खालच्या चाकांचे पेटंट जॉन मिलर यांचे, १९१९ चे. तेव्हापासून गाडीने रूळ तिन्ही बाजूंनी पकडून ठेवलेला असतो. वर, खाली किंवा बाजूला, कुठेही सुटायला तिला वाव नसतो.

कोणी बसू नये

इथे हिंमतीचा प्रश्न नाही, म्हणून थोडक्यात आणि स्पष्ट सांगतो. गरोदर असाल, हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, मानेचा किंवा पाठीचा जुना त्रास असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, फिट येत असतील किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल, तर बसू नका. शंका असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मद्य घेऊन तर अजिबात नाही.

उंचीची अट प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. लूपच्या कोस्टरला ती बहुतेक वेळा १२० ते १४० सेंटिमीटरच्या दरम्यान कुठेतरी असते. ही अट वयावर नव्हे, हार्नेसच्या मापावर ठरते. मुलाला टाचा उंच करायला सांगून किंवा जाड तळव्याचे बूट घालून आत नेणारे पालक मी पाहिले आहेत. कृपा करून असे करू नका. अंग लहान असेल तर हार्नेस शरीराला लागतच नाही, आणि मुलाचे कान नेमके त्याच्या कडक कडेपाशी येतात.

रांगेत उभे राहण्यापूर्वी

पोट अगदी रिकामे नको आणि तुडुंब तर मुळीच नको. हलके खाऊन तास-दीड तास झालेला असावा. पाणी मात्र प्यायलेले असू द्या. उन्हात रांगेत उभे राहून अंगातले पाणी कमी झाले की पहिल्या दाबातच डोके हलके होते.

खिसे पूर्ण रिकामे करा. फोन, किल्ल्या, नाणी, कार्ड, सगळे लॉकरमध्ये ठेवा किंवा खाली थांबणाऱ्याकडे द्या. फोन हातात घट्ट धरीन म्हणणाऱ्याने हिशेब करावा: लूपच्या तळाशी तो हात चौपट जड होतो. निसटलेली वस्तू मागच्या रांगेतल्या माणसाच्या तोंडावर त्याच वेगाने आदळते. चष्म्याला मागून दोरी लावा, किंवा तिथे परवानगी नसेल तर तो काढून ठेवा. गळ्यात लोंबणारे काहीही नको: स्कार्फ, ओढणी, लांब माळ. पायांत मागून बांधलेले बूट किंवा सँडल असावेत.

आता एक बारीक गोष्ट, जी फार कमी लोक सांगतात. केसांचा अंबाडा किंवा उंच पोनीटेल असेल तर ती सोडा आणि वेणी घालून एका खांद्यावरून पुढे घ्या. डोक्यामागे केसांची गाठ असली की डोके आसनाच्या पाठीला टेकतच नाही, दोन-तीन बोटे पुढे राहते. तेवढ्या फटीतच ते पुढे-मागे आपटते. डोक्यामागची मोठी क्लिपही याच कारणासाठी काढायची. कानांतले मोठे दागिने काढा, कारण कान हार्नेसच्या गादीवर घासतात.

वेळ सकाळची निवडा. रांग लहान असते हा एक फायदा. दुसरा असा की सकाळी चाके आणि त्यांची बेअरिंग थंड असतात, म्हणून गाडी किंचित सावकाश धावते. दुपारपर्यंत तापल्यावर तीच गाडी जास्त पळते. फरक मोठा नसतो, पण पहिल्या फेरीला तेवढाही चालतो.

खाली उभे राहून तीन गाड्या बघा

ही पायरी गाळू नका. घाई करून थेट रांगेत शिरलेला माणूस तासभर भीती वाढवत उभा राहतो, आणि भीती नेमकी कशाची हे त्याला ठाऊक नसते.

पहिली गाडी नुसती बघा. दुसरी गाडी बोट दाखवत मनात वाचा: चढ, उतार, लूप, वळण, कॉर्कस्क्रू, गोल वेटोळे, ब्रेक. हा क्रम पाठ करा. तिसऱ्या गाडीला सेकंद मोजा. गाडी लूपमध्ये शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत ३-४ सेकंद लागतात, बस्स. संपूर्ण फेरी बहुधा दीड-दोन मिनिटांची असते आणि तिचा मोठा भाग सावकाश चढ चढण्यात जातो. ज्याची धास्ती घेऊन रात्रभर झोप लागली नाही, ते एका दीर्घ श्वासात संपते. हे आकडे मी सांगून पटणार नाहीत, स्वतः मोजल्यावरच पटतील.

उतरणाऱ्यांचे चेहरेही बघा. ते कानाला किंवा मानेला हात लावत उतरत असतील, तर हा कोस्टर हिसके देणारा आहे. मग पुढची बसण्याची रीत दुप्पट लक्ष देऊन वाचा.

जागा कोणती घ्यायची

पुढे बसावे की मागे, यावर जुन्या प्रवाशांत खूप वाद आहे. माझे मत ठाम आहे: पहिल्यांदा पुढून दुसरी किंवा तिसरी रांग.

कारण असे. गाडी लांब असते आणि सगळे डबे एकाच वेगाने चालतात. पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा मागचा भाग अजून चढावरच असतो, म्हणून पुढचा डबा क्षणभर कड्यावर लोंबकळतो आणि मग सावकाश खाली जातो. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढची गाडी वेगात खाली निघालेली असते, त्यामुळे तो कड्यावरून ओढून फेकल्यासारखा जातो. पोटात गोळा येतो तो तिथे. अनुभवी लोक मागची जागा मुद्दाम मागतात, नवख्याने आज ती टाळावी. अगदी पहिल्या रांगेत दृश्य अप्रतिम असते, पण समोर काहीच नसल्याने छाती दडपते आणि रांगही वेगळी, लांब असते. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतून रूळ दिसतो आणि समोर आसनाची पाठही असते. तिचा धीर वाटतो.

लूपमध्ये मधल्या डब्याची गंमत वेगळी आहे. गाडीचा मध्य तळाशी असतो तेव्हा वेग सर्वांत जास्त, आणि मध्य माथ्यावर असतो तेव्हा सर्वांत कमी. म्हणून मधल्या प्रवाशाला खाली दाब जास्त जाणवतो आणि वर तोच सगळ्यांत हलका होतो, जवळपास तरंगतो. पुढच्या आणि मागच्या डब्यांना माथ्यावरही आसनाची पकड जास्त जाणवते. पडण्याची भीती असेल तर हेही पुढे बसण्याचे एक कारण.

आणखी एक. जुन्या गाड्यांत काही रांगा नेमक्या चाकांच्या वर येतात, काही दोन चाकांच्या मध्ये. चाकावरच्या रांगेत खडखड जास्त असते. गाडी फलाटावर थांबली की वाकून न बघता, रांगेतूनच चाके कुठे आहेत ते हेरा आणि निवडू देत असतील तर दोन चाकांच्या मधली रांग घ्या.

फलाटावर, आणि हार्नेस

फलाटावर पोहोचल्यावरही नको वाटले तर नाही म्हणता येते. फलाटावरच्या कर्मचाऱ्याला सांगा, तो बाजूच्या किंवा पलीकडच्या वाटेने बाहेर सोडतो. असे करणारे रोज असतात, त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. मित्राच्या आग्रहाखातर बसलेला माणूस संपूर्ण फेरी आखडून बसतो, आणि आखडलेल्या अंगालाच जास्त लागते.

बसताना आधी कंबर मागे सरकवा, आसनाच्या कोपऱ्यात अगदी खेटून. पुष्कळ जण आसनाच्या मध्यावर बसून वरून हार्नेस ओढतात. मग फेरीत कंबर मागे घसरते आणि हार्नेस सैल पडतो. ताठ बसा, खांदे वर करा, मग हार्नेस खाली घ्या. तो टप्प्याटप्प्याने खटखट करत बसतो. मांडीवर किंवा छातीवर टेकेपर्यंत ओढा, पण श्वास पोटभर घेता आला पाहिजे. पट्टा असेल तर तो लावा. मग कर्मचारी येऊन हार्नेस एकदा वर ओढून आणि एकदा खाली दाबून बघतो. तो तुमच्यापाशी न येता पुढे गेला असे वाटले, तर हात वर करून मोठ्याने हाक मारा. भिडस्तपणाची ही जागा नाही.

आता मान. माणसाचे डोके साधारण ४.५ ते ५ किलोचे असते. लूपच्या तळाशी वजन चौपट होते तेव्हा तेच डोके १८ ते २० किलोचे होते. हे ओझे सरळ कण्यावर पेलले तर काहीच होत नाही. मान वाकलेली असेल तर ते सगळे मानेच्या मागच्या स्नायूंवर लटकते. माझ्या पहिल्या फेरीत मी खाली माणसे दिसतात का हे बघायला मान झुकवली होती, आणि नेमका तेव्हाच लूपचा तळ आला. हनुवटी छातीला चिकटली आणि लूप संपेपर्यंत वर उचलता आली नाही. म्हणून सांगतो, डोके आसनाच्या पाठीला टेकवा आणि टेकलेलेच ठेवा. हनुवटी किंचित वर. दात एकमेकांवर हलके टेकलेले, जीभ आत. हातांनी हार्नेसच्या मुठी धरा, पाय जमिनीला सपाट टेकवा. नजर रुळावर, पुढच्या डब्यांच्या पलीकडे, जिथे दोन-तीन सेकंदांनी पोहोचणार आहात तिथे.

चढ

गाडी निघते, साखळी पकडते आणि खालून टक् टक् टक् असा आवाज सुरू होतो. हा आवाज ऐकून अनेकांचे काळीज लकलकते. खरे तर कोस्टरवरचा हा सगळ्यांत आश्वासक आवाज आहे. गाडीखालचा लोखंडी खटका रुळावरच्या दात्यांच्या पट्टीवर एकेक दाता ओलांडत असतो. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून तो असतो. जोवर टक् टक् ऐकू येते तोवर गाडी एका दात्यापेक्षा जास्त मागे येऊ शकत नाही.

चढावर करायचे एवढेच: नाकाने सावकाश श्वास घ्या, तोंडाने सोडा, खांदे सैल करा. खाली बघू नका, मागे वळून मित्राशी बोलू नका. आवाज थांबला की माथा आला. डोके मागे आहे ना, एकदा खात्री करा.

उतारापासून ब्रेकपर्यंत

उताराला श्वास सोडा. ओरडायचे असेल तर मनसोक्त ओरडा. ओरडताना श्वास आपोआप बाहेर पडतो आणि पोटातला गोळा कमी होतो. दम कोंडून धरणाऱ्यालाच जास्त त्रास होतो. इंजिन नसलेली ही गाडी फक्त उंचीच्या जोरावर धावते. ३४ मीटर उंचीवरून घर्षणाशिवाय खाली आली, तर तळाशी वेग ताशी सुमारे ९३ किलोमीटर भरतो. तेवढ्याच उंचीच्या रेव्होल्यूशनचा वेग ताशी ८८ किलोमीटर आहे. मधले चार-पाच किलोमीटर हवा आणि चाके खातात.

तळाशी अंग जड होऊ लागले की मांड्या आणि पोट आवळा, पाय जमिनीत रोवा. दाबाने रक्त पायांकडे उतरते. स्नायू आवळलेले असतील तर ते वरच राहते आणि डोळ्यांसमोर करडे पडत नाही. तरीही क्षणभर दृष्टी अंधुक झाली तर घाबरू नका, दाब उतरताच ती परत येते. वारंवार असे होत असेल तर मात्र त्या दिवशी पुन्हा बसू नका.

मग लूप. दाब चढतो, आकाश समोर येते, आणि माथ्याजवळ एकाएकी सगळे शांत होते. वेग मंदावतो, अंग हलके होते. डोळे उघडे ठेवा! डोळे मिटले की कानातला तोल सांभाळणारा अवयव एक सांगतो आणि डोळे काहीच सांगत नाहीत, त्या गोंधळातूनच मळमळ होते. समोरच्या रुळाचा वाकलेला भाग बघत राहिलात तर मेंदूला आपण कुठे आहोत ते कळत राहते. उलटी झालेली जमीन नजरेच्या चौकटीत अलगद येते आणि सरकून जाते. मग पुन्हा दाब, पुन्हा मांड्या आवळणे, आणि लूप संपला.

आता खरी सावधगिरी. लूप पार झाला या आनंदात नवखा माणूस अंग सैल सोडतो, मान वळवून शेजाऱ्याकडे बघतो, आणि पुढचे वळण त्याला तिथेच गाठते. खाली उभे राहून पाठ केलेला क्रम आता आठवा. कॉर्कस्क्रूत शिरताना गाडी एका बाजूला झटक्यात पिळली जाते. खांद्यावरचा हार्नेस असेल तर डोके दोन गाद्यांच्या मध्ये असते. ते एका गादीवरून दुसऱ्या गादीवर आदळते ते मधल्या रिकाम्या जागेमुळे. जुने प्रवासी डोके ज्या बाजूला जाणार त्या बाजूच्या गादीला वळणाआधीच हलके टेकवून ठेवतात. रिकामी जागाच उरत नाही, मग आदळणार कुठे? हे पहिल्याच फेरीत जमेल असे नाही. निदान मान मागे टेकलेली ठेवा आणि खांदे कानांकडे थोडे उचला.

शेवटी बहुतेक जुन्या कोस्टरवर गोल वेटोळे असते. तिथे दाब कमी पण लांब चालतो, पाच-सहा सेकंद. कंटाळून डोके बाजूला टाकू नका. मग ब्रेक, आणि ते आवळतात कचकचून. हात मुठींवर, डोके मागेच. गाडी थांबली असे वाटले तरी हार्नेस आपणहून उघडेपर्यंत तसेच बसून राहा. फलाटाच्या अलीकडे ती पुन्हा एकदा हलते.

गाडी मध्येच थांबली तर

असे होते, आणि बहुतेक वेळा ते यंत्रणा नीट चालत असल्याचे लक्षण असते. रूळ खंडांत विभागलेला असतो आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढची गाडी फलाटावर रेंगाळली, कुणाची पर्स रुळावर पडली, एखाद्या सेन्सरला शंका आली, की मागच्या गाडीला तिच्या खंडाच्या शेवटी ब्रेक धरून ठेवतात. असे ब्रेक साधारणपणे स्प्रिंगने आवळलेले असतात आणि हवेच्या दाबाने उघडतात. म्हणजे वीज गेली, हवा गेली, तरी ते सुटत नाहीत, उलट घट्ट होतात.

चढावर थांबलात तर शेजारी पायऱ्या दिसतील. त्या कर्मचाऱ्यांसाठी असतात. ते वर येईपर्यंत आणि सांगेपर्यंत जागेवर बसा. हार्नेस उघडायचा प्रयत्न करू नका, पाय बाहेर काढू नका. शेजारी लहान मूल असेल तर त्याच्याशी बोलत राहा, समोर दिसणाऱ्या गोष्टी त्याला मोजायला सांगा.

उतरल्यावर

झटकन उठू नका. हार्नेस उघडला की दोन श्वास घ्या, मग आधाराला धरून उभे राहा. पाय थरथरतील, ते पाच-दहा मिनिटांत थांबते. लगेच खाऊ नका, घोट घोट पाणी प्या आणि सावलीत बसून दूरच्या एखाद्या स्थिर गोष्टीकडे बघा. मळमळत असेल तर फोनच्या पडद्याकडे बघणे टाळा. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या थांबल्या नाहीत, मानेतून हातात मुंग्या येऊ लागल्या किंवा एका डोळ्यासमोर पडदा आल्यासारखे वाटले, तर थेट प्रथमोपचार केंद्र गाठा. तिथे कुठे, काय आणि कधी झाले ते नीट सांगा.

सगळे ठीक असेल तर अर्ध्या-पाऊण तासाने दुसरी फेरी मारा, त्याच कोस्टरवर, त्याच रांगेत. जागा बदलू नका. पहिल्या फेरीत निम्मे लक्ष भीतीने खाल्लेले असते. दुसऱ्या फेरीत क्रम पाठ असतो, मान कधी टेकवायची ते अंगाला कळलेले असते, आणि लूपच्या माथ्यावरचा तो हलका क्षण पहिल्यांदा नीट सापडतो. माझ्यासोबत आलेल्यांपैकी जे दुसऱ्यांदा बसले, त्यांनी उतरल्यावर मला एकच विचारले: शेवटच्या डब्याची रांग कुठून सुरू होते?